भिंत आहे, माइक कुठाय?

साताऱ्याहून ताईचा फोन आला की कॅलेंडर न बघता कळतं, भाद्रपद जवळ आला. "तुझ्या भाच्याला समजाव. यंदाही डॉल्बी आणतायत." गेल्या वर्षी मिरवणूक दारावरून गेली तेव्हा खिडकीची काच तडकली होती आणि आईला धरून मागच्या खोलीत न्यावं लागलं होतं. भाचा मंडळाचा खजिनदार. त्याचं उत्तर ठरलेलं: "मामा, तुम्ही लंडनला बसून शिकवू नका."

शिकवायला मला तोंडही नाही. मी राहतो त्या लुईशममध्ये स्पीकरच्या भिंतींना मान आहे. नॉटिंग हिल कार्निव्हलला मी हौसेने जातो आणि नंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत असते. फरक एवढाच, की तिथल्या साउंड सिस्टिम, म्हणजे स्पीकरच्या भिंती मांडून गाणी वाजवणारे गट, संध्याकाळी सातला गप्प होतात.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे जमैकन आजोबा घर आवरत होते. रेकॉर्डांचं खोकं खाली आणायला मी मदत केली, त्याची बिदागी म्हणून त्यांनी एक रेकॉर्ड लावली. टेनर सॉ, 'रिंग द अलार्म', १९८५. नाकातून येणारा, कापरा, कुठल्याशा दुःखाने ताणलेला आवाज. पण गाणं दुःखाचं मुळीच नाही. समोरच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी साउंड सिस्टिमची घटका भरली, अशी ती चक्क दवंडी आहे. आपल्याकडे कलगीवाले तुरेवाल्यांना आव्हान देत, तोच ताठा.

गायक तेव्हा एकोणीसच्या आतबाहेरचा. खरं नाव क्लाइव्ह ब्राइट, किंग्स्टनचा. त्याच वर्षी गायक-निर्माता शुगर मिनॉटने त्याचा 'फीव्हर' हा अल्बम काढला. १९८८ साली, बाविशीही न गाठता, तो ह्यूस्टनमध्ये गेला. रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, म्हटल्यावर बॉब मार्लीपाशी थांबणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

मी मात्र अडकलो ते गाण्याच्या तालात. वाजणारा ताल, म्हणजे मागचं ड्रम-बेसचं संगीत, या गाण्यासाठी केलेलाच नव्हता. 'स्टॅलग' नावाचा तो ताल निर्माता विन्स्टन रायलीने १९७०च्या दशकात रेकॉर्ड केला होता आणि त्यावर कितीतरी जण गाऊन गेले होते. तिकडे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बहुधा तेच गाणं आवाज काढून टाकून असायचं, त्याला 'व्हर्जन' म्हणत. नाचाच्या रात्री ते लावायचं आणि माइक पुढे करायचा. वस्तीतलं कुणीही पोरगं पुढे येऊन गायचं. जमलं तर जमलं, नाही तर लोक हुसकावून लावायचे.

सगळं सोवळं होतं असं नाही. चावट गाण्यांचा आणि बंदुकीच्या बढायांचा सुकाळ होता, आणि रात्रीच्या आवाजाला आवर घालायला जमैकानेही १९९७ मध्ये कायदा केलाच.

आपला वाद डेसिबलवर सुरू होतो आणि रात्री दहाच्या मर्यादेवर संपतो. ताईच्या काचेबद्दल मी ताईच्याच बाजूने आहे. पण भाच्याशी माझं भांडण वेगळं आहे. एवढी भिंत भाड्याने आणता, तिच्यासमोर तुमच्या आळीतलं एक तरी पोरगं गातं का? गणपतीतल्या मेळ्यांत पोरं गायची, शाहीर तिथे घडायचे. आता ट्रकवर कुणाचा तरी तयार रिमिक्स, आणि खाली आपण नुसते हात वर करून.

त्याला गाणं पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "बेस भारीय मामा. पण हा गातोय की रडतोय?" आणि मग, थोड्या वेळाने: "याचं नुसतं म्युझिक मिळेल का?"