‘खरं संगीत वाचवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

श्रावण सरत आला की आमच्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. चित्र दरवर्षी बदलतं, मजकूर तोच. वर तानपुरा, खाली लाल अक्षरांत ‘डॉल्बी हटवा, खरं संगीत वाचवा’, आणि मग एकेक मुद्दा. खरं संगीत म्हणजे शास्त्रीय गायन, नाट्यगीतं, अभंग आणि जुनी सिनेमाची गाणी. आजचा सगळा गोंगाट. खऱ्या संगीताला रियाज लागतो, आजच्याला बटण पुरतं. आजच्या गाण्यांचा ठेका एकच. शब्द अश्लील. खरं संगीत टिकतं, आजचं सहा महिन्यांत विसरतात. खरं संगीत ४३२ हर्ट्झवर असतं, निसर्गाशी जुळतं. आजचं ४४० वर असतं, म्हणून पोरं भडक होतात. शेवटी, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. यातली बरीच गाणी मलाही आवडत नाहीत, हे आधीच सांगतो. मंडपात तेच गाणं पुन्हा लागलं की मीही खिडकी लावून घेतो. पण एखादं गाणं आवडलं नाही तर कुणी कारण विचारत नाही. ‘हे संगीतच नव्हे’ म्हणायचं तर मात्र कारण द्यावं लागतं, आणि या मेसेजमधलं एकही कारण धड उभं राहत नाही.

‘खरं संगीत म्हणजे शास्त्रीय, नाट्यगीतं, अभंग आणि जुनी गाणी’

सगळा घोळ या यादीतच आहे. यातले निदान तीन प्रकार एकेकाळी याच दाराबाहेर उभे होते.

नाट्यगीतंच घ्या. सांगलीकराला त्याचा अभिमान असणारच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथंच केलं, नाटककार देवल हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचे, आणि पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ साली आलं. त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्यांनी हात घातला तो ठुमरी-कजरीच्या, पूरब वळणाच्या गाण्याला. म्हणजे ज्या कोठीवरच्या गाणाऱ्या बायकांचं नाव घरात काढायची चोरी, त्यांच्या गळ्यातलं गाणं नाटकातल्या नायिकेच्या तोंडी आलं. त्याआधी नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनीही लावणीच्या चाली बिनदिक्कत उचलल्या होत्या. आज तीच पदं कानावर पडली की आपण ‘काय तो सुवर्णकाळ’ म्हणतो. तेव्हाचं ते तिकीट लावून चालणारं, गर्दी खेचणारं, अगदी लोकप्रिय गाणं होतं.

साथीची पेटीही परकीच. युरोपातून आलेलं वाद्य, आणि त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे येत नाहीत, अशी तक्रार. तक्रार खोटी नव्हती. त्यापायी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशकं चालली. आज ‘खऱ्या संगीता’च्या कुठल्याही पोस्टरवर तानपुऱ्याशेजारी पेटी असतेच. ज्या कारणासाठी तिला हाकललं ते कारण आजही तसंच आहे. आपल्याला तिची सवय झाली, एवढंच.

आणि जुनी सिनेमाची गाणी! १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाची गाणी म्हणजे उथळ, उसनवारीची, पिढी बिघडवणारी, असं त्यांचं मत. रेडिओवरून ती जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी सरकारला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे लता-आशा-रफींची जी गाणी हा मेसेज ‘खरं संगीत’ म्हणून मिरवतो, त्यांच्यावर केसकरांच्या काळात हुबेहूब हाच आरोप होता. आशाबाई तर जन्माने सांगलीच्या, १९३३ च्या. त्यांच्या क्लबातल्या गाण्यांवर नाक मुरडणारी पिढी आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेली आहे.

शास्त्रीय संगीत तरी? विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्या काळात घरंदाज मुलगा गाणं शिकायला निघाला की ‘वाया गेला’ म्हणत. गाण्याला आणि गवयाला मान मिळावा म्हणून त्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढची सगळी हयात त्यात घातली. तो मान कष्टाने मिळवलेला आहे, म्हणून मला त्याचं मोल आहे. पण आत शिरलेल्याने मागच्याच्या तोंडावर दार लावून घ्यायचं, ही रीत काही बरी नाही.

‘आजच्याला बटण पुरतं’

तासगाव भागात एक पोरगं डॉल्बीवाल्यांसाठी गाणी तयार करतं. त्याच्या खोलीत लॅपटॉप, दोन स्पीकर आणि भिंतीला लावलेल्या अंड्यांच्या ट्रे. कुस्तीच्या मैदानात वाजलेली हलगी त्याने मोबाईलवर टिपून आणली होती आणि तिचे तुकडे पाडत बसला होता. हलगी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, वाजवण्याआधी ती जाळावर धरून शेकावी लागते, नाहीतर कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. एका हातात आखूड काडी, दुसऱ्या हातात लांब बारीक छडी. छडीचा ‘कडकड’ आणि काडीचा ‘ढम’ यांत जे अंतर पडतं, त्यात सगळी मजा. कॉम्प्युटर ते अंतर एका झटक्यात सरळ करून देतो, सगळे टोले रांगेत. त्या पोराने ते केलं, ऐकलं आणि लगेच पुसून टाकलं. म्हणाला, ‘गणितात बसवलं की मेलं बघा.’ मग एकेक टोला हाताने किंचित मागे-पुढे सरकवत बसला. एका तुकड्यावर दुपार गेली. याला रियाज म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण बटण दाबून झालेलं काम ते नव्हे.

बरं, यंत्राचंच वावडं असेल तर ते कुठपासून धरायचं? सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून १९९७ साली आलं आणि त्यावर सगळ्यांचा राग. ते बेसूराला सुरात आणतं, खरं आहे; बेचव गाण्याला चव आणत नाही. पण त्याआधी माइक आला, ध्वनिमुद्रण आलं, पुन्हा पुन्हा गाऊन चांगलं तेवढं ठेवायची सोय आली. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत संपतात, कारण तबकडीच तेवढी. तासभर चालणारं गाणं त्यांनी यंत्राच्या मापात बसवलं आणि त्याच तबकड्यांनी ते घरोघरी पोचलं.

मेसेजवरच्या त्या तानपुऱ्याचीही गोष्ट सांगायला हवी. मिरजेत हे वाद्य करणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तसे ते वाद्यांकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा येतो, वाळवतात, दांडी जोडतात, तारा चढवतात. आणि एवढं करून वाद्य तयार होतच नाही. जवारी काढायची राहते. घोडी कानशीने अगदी थोडी थोडी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तो एका जागी आला की तार गुंजायला लागते. स्वच्छ, सरळ वाजणारी तार तिथं नापास. तारेचा आवाज मुद्दाम ‘बिघडवून’ त्यातून आणखी दहा सूर बाहेर काढणं, हेच त्या कारागिराचं कसब. मिरजेच्या या वाद्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. आवाजावर कारागिरी करणं म्हणजे फसवणूक असेल, तर मिरजेपासून सुरुवात करावी लागेल.

‘ठेका एकच’

भजनी ठेका आठ मात्रांचा. धुमाळी आठ मात्रांची. केरवा आठ मात्रांचा. दिंडीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तोच ठेका चालतो आणि कुणाला कंटाळा येत नाही. पुढचा मुद्दा.

‘शब्द अश्लील’

इथं मी निम्मा त्यांच्या बाजूने आहे. हल्ली डॉल्बीवर जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं नुसतं हलकं आहे, त्यात गंमतही नाही. पण शृंगारामुळे गाणं संगीतातून बाद होत असेल तर पेशवाईपासूनची लावणी बाद. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव बाद. कुलकर्ण्याचा मुलगा तमाशात गेला म्हणून गावाने आणि जातीने त्यांना टाकलं, आणि आज त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात. वाईच्या यमुनाबाई वाईकरही बाद, ज्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हाचं कारणही अश्लीलताच होतं. बंदी पुढे अटी घालून उठवावी लागली.

जुनी लावणी आणि आजचं गाणं यांत फरक आहे, पण तो सोवळ्या-ओवळ्याचा नाही. लावणीकार एक गोष्ट दोन अर्थांनी सांगायचा आणि दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने शोधायचा. आजच्या पुष्कळ गाण्यांत एकच अर्थ असतो आणि तोही पहिल्याच ओळीत संपतो. असं म्हणा ना. ‘कवी कच्चा आहे’ ही टीका झाली. ‘हे संगीत नव्हे’ हा फतवा झाला. शिवाय हा फतवा बहुतेक वेळा हलगी, बेंजो, तमाशा यांच्यावरच का निघतो, ही वाद्यं कुठल्या वस्त्यांतून आली, हेही मनाशी एकदा विचारून पाहावं.

‘खरं संगीत टिकतं’

टिकलेलंच आपल्याला ऐकू येतं, म्हणून तसं वाटतं. पन्नास-साठच्या दशकांतली रद्दड गाणी लोक विसरले, चांगली उरली, आणि आता आपण त्या उरलेल्यांची तुलना आजच्या सगळ्या ढिगाशी करतो. आजचंही थोडं उरेल. कुठलं, ते आत्ता मेसेज पाठवणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि मलाही.

‘४३२ हर्ट्झ निसर्गाचा, ४४० घातक’

हा मुद्दा विज्ञानाचा कोट घालून येतो, म्हणून त्यावर लोकांचा विश्वास बसतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसाने ठरवलेला. दिवसाचे तुकडे वेगळे पाडले असते तर तोच सूर वेगळ्या आकड्याने ओळखला गेला असता. तेव्हा ४३२ या आकड्यात निसर्गाचं काही नाही. युरोपात एकेका गावाची पट्टी, म्हणजे वाद्यं ज्या उंचीच्या सुराला जुळवायची ती उंची, वेगळी असायची. फ्रान्सने १८५९ साली कायदाच करून ४३५ ठरवली, आणि ४४० वर १९३९ साली लंडनच्या परिषदेत एकमत झालं, ते वाद्यवृंदांच्या आणि रेडिओच्या सोयीसाठी.

आणि आपल्याकडे तर हा वादच उद्भवत नाही. आपला सा कुठं बांधलेलाच नाही. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबाने कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये, कुणाचा आवाज आज बसला असेल तर अर्धी पट्टी खाली. मिरजेतल्या दुकानात तानपुरा घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न ‘पट्टी कुठली?’ हाच असतो. ‘हर्ट्झ किती?’ असं विचारलंत तर चहा पाजतील, पण हसतीलही.

‘डॉल्बी हटवा’

आता खरी तक्रार, जी या सगळ्या पसाऱ्याखाली दडपली जाते. मिरवणुकीत स्पीकरची भिंत जवळून गेली की काचा थरथरतात, तान्ही मुलं दचकतात, हृदयविकाराच्या माणसाला धोका असतो. हे सातारा-कराडलाही आहे आणि आमच्याकडेही. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सणाच्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सूट. त्या नियमांत राग, ताल, शब्द यांचा उल्लेखही नाही, आणि तेच बरोबर आहे. मंडळाच्या बैठकीत विचारायचं ते एवढंच की आवाज किती ठेवणार आणि किती वाजता बंद करणार. गाणं कुठलं लावणार यावर वाद घातलात तर पोरं पहिली आरती लावतील, आवाज तेवढाच ठेवतील, आणि तुम्हाला तोंड उघडायला जागा उरणार नाही.