प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधानसभेतील तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाला एक ठरलेला घाट असतो. ‘अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय; असल्यास, सदर पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचा घाटही तितकाच जुना: ‘(1) हे खरे नाही. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्रिमहोदय उदार असतील, तर ‘हे अंशतः खरे आहे’ एवढी कबुली मिळते.

सध्या गावाकडे वाद चालू आहे तो आमदार प्रश्न विचारतात की नाही याचा. 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर 288 जणांच्या सभागृहात एकाही विरोधी पक्षाला दहा टक्क्यांइतक्या, म्हणजे 29 जागाही मिळाल्या नाहीत, त्यातून विरोधी पक्षनेतेपदाचा घोळ झाला, आणि त्या वर्षीचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन आठवडाभरातच आटोपले. त्यामुळे ‘सरकारला विचारणारे कोणी उरले नाही’ ही खंत फोनवर नेहमी ऐकू येते. खंत खोटी नाही. मात्र अकरा वर्षे इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधील एका मध्यम शहरात राहिल्यावर मला वाटू लागले आहे की प्रश्न कोण विचारतो यापेक्षा विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय होते, यावर आपण फार कमी बोलतो.

एक गमतीची गोष्ट आधी सांगतो. माझे पारपत्र भारतीय आहे, तरीही राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून मला इथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येते. उलट गावच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून नाव असले, तरी मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधी हाताशी आहे तो इथलाच.

त्याचा उपयोग दोन वर्षांपूर्वी झाला. मुलीच्या दाढेचे दुखणे निघाले आणि सरकारी आरोग्यसेवेतून मुलांना तपासणारा एकही दंतवैद्य आमच्या भागात नवा रुग्ण घेईना. मी खासदारांना पत्र लिहिले. त्यांची गाठ घ्यायची तर आधी वेळ ठरवावी लागते. लग्नात, बारशाला किंवा दहाव्याला भेटण्याची सोय इथे नाही. महिन्याभराने त्यांच्या कार्यालयातून आलेल्या उत्तरात त्यांनी आरोग्यमंत्र्यांना विचारलेला लेखी प्रश्न, त्याचा क्रमांक आणि मंत्र्यांचे उत्तर होते. उत्तर निव्वळ पळवाट होते: ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. अशा प्रकारची आणखी एक पळवाट इथे नियमात बसवलेली आहे. माहिती गोळा करायला 850 पौंडांहून अधिक खर्च येणार असेल, तर ‘खर्च अवाजवी होईल’ एवढे सांगून मंत्र्याला उत्तर टाळता येते. म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’ याचा इंग्रजी अवतारच.

दाढ अखेर पैसे मोजून खासगीतच काढली. पण ती पळवाट तारीख आणि क्रमांकासह संसदेच्या संकेतस्थळावर राहिली, आणि माझ्यासारख्याला ती दोन मिनिटांत सापडते. ‘माहिती ठेवली जात नाही’ हे एकदा लेखी आले की ‘का ठेवली जात नाही’ हा पुढचा प्रश्न विचारता येतो. आमच्या खासदारांनी तो विचारलाही.

इथे सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या सदोष संगणक प्रणालीमुळे 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक उपटपालचालकांवर चोरीचे, अफरातफरीचे खोटे गुन्हे शाबीत झाले. हुजूर पक्षाचे जेम्स आर्बथनॉट आणि मजूर पक्षाचे केव्हन जोन्स यांच्यासारखे खासदार वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावत होते आणि मंत्री सांगत होते की हा टपाल कंपनीच्या दैनंदिन कारभाराचा विषय आहे, त्यात सरकार पडणार नाही. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला 2024 उजाडले. तेव्हा प्रश्न विचारले म्हणून न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही. एवढेच झाले की चौकशी बसली तेव्हा मंत्र्यांची ती जुनी पत्रे त्यांच्याच समोर ठेवता आली.

खर्चाच्या बाबतीत तर इथल्या सभागृहाकडून शिकण्यासारखे थोडेच आहे. सरकारने मागितलेली रक्कम कॉमन्स सभागृहाने शेवटची नाकारली ती 1919 मध्ये, आणि तीही लॉर्ड चान्सलरांच्या दुसऱ्या न्हाणीघरासाठी! आपल्याकडे 28 जून 2024 रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि पंधरवडाही उलटला नाही तोच सुमारे 95 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. त्यात लाडकी बहीण योजनेचे पंचवीस हजार कोटी होते. योजना चांगली की वाईट, हा वेगळा मुद्दा. पण पंधरा दिवसांपूर्वीच्या अर्थसंकल्पात जे बसवता आले नाही ते लगोलग पुरवणीत का आणावे लागले, याचे उत्तर आमदाराला सविस्तर मिळायला हवे, मग तो सत्ताधारी बाकांवरचा का असेना.

इथला खरा धाक आहे तो पैसा खर्च झाल्यानंतरचा. अर्थमंत्री ग्लॅडस्टनच्या काळात, 1861 मध्ये नेमली गेलेली लोकलेखा समिती आजही खात्याच्या सर्वोच्च सचिवाला समोर बसवून हिशेब विचारते. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. बैठक खुली असते, तिचे प्रक्षेपण होते. सचिव कुठे अडखळला, कुठे पाण्याचा पेला तोंडाला लावला, हे माझ्यासारखा करदाता घरी बसून पाहतो. लोकलेखा समिती आपल्याकडेही आहे आणि तिच्यापुढेही सचिवांना साक्ष द्यावी लागते, पण ती बंद दाराआड. कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवला जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एक मथळा येतो आणि तोवर आमदार आपापल्या मतदारसंघांत पोहोचलेले असतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला स्वतंत्र आश्वासन समिती आहे, हे तर मला स्वतःला इथे आल्यावर कळले.

हे सारे आपल्याला जमणार नाही, असे मला वाटत नाही, कारण एके काळी जमले होते. 1957 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खासदार फिरोज गांधींनी आपल्याच पक्षाच्या सरकारला लोकसभेत, उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या सव्वा कोटींचा जाब विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंदडा प्रकरणाची चौकशी मुंबईत लोकांसमोर, उघडपणे केली, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. सगळे मिळून दोन-अडीच महिन्यांत.

गेल्या दिवाळीत वडिलांना रात्री छातीत कळ आली. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर नसल्याने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. ते बरे आहेत. त्या रिक्त पदांविषयी सभागृहात कधी प्रश्न आला होता का, हे मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधू लागलो. दिवसवार याद्या उघडून पाहिल्या, पण तालुक्याचे नाव घालून काही हाती लागेना. शेवटी भावाला म्हटले, आमदारांना भेट आणि येत्या अधिवेशनात निदान अतारांकित प्रश्न टाकायला सांग, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. तो गेला. स्वीय सहायकाने त्याला चहा पाजला, म्हणणे नीट ऐकून घेतले आणि मोबाइल हातात घेत म्हणाला, “प्रश्न कशाला टाकायचा दादा? सिव्हिल सर्जनना आत्ताच फोन लावून देतो की.”