मोझांबिकमध्ये माणसं किती, कुणी सांगेल का?

काल रात्री साडेदहाला मी मोबाईलवर ओरडत होतो, "अरे, माणसं किती तेवढं सांग!" आतून बायको म्हणाली, "हळू बोला, अख्ख्या फोंड्याला कळलं."

लेकीचा प्रोजेक्ट. मोझांबिक. सकाळी द्यायचा, आणि बापाला कळणार रात्री नऊला. हवं होतं काय, तर राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, चलन, झेंडा. पाच ओळी!

नेटवर क्षेत्रफळ एक जण म्हणतो ८,०१,५९० चौरस किलोमीटर. दुसरा ७,९९,३८०. तिसरा ७,८६,३८०, हा नुसती जमीन धरतो, पण तसं लिहायला याची बोटं झिजतात. पहिल्या दोघांच्या फटीत अर्ध्याहून जास्त गोवा मावतो. पहिल्यात आणि तिसऱ्यात तर चार गोवे, वर पार्किंगला जागा.

पण माझं डोकं फिरवलं ते एका मराठी पानाने. मोठ्या आशेने उघडलं होतं. आधी कुकीज स्वीकारा, मग जाहिरात, मग फुलीवर बोट ठेवावं तर दुसरीच जाहिरात. आणि खाली काय, तर 'लोकसंख्या ३४ लाख'! अरे गृहस्था, मिलियन म्हणजे दहा लाख. ३४ मिलियनचे तीन कोटी चाळीस लाख होतात. एका शब्दात तीन कोटी माणसं गिळलीस आणि ढेकरही नाही! पुढे झेंड्याचं वर्णन: 'त्यावर एक प्राणघातक हल्ला रायफल आहे.' आता झेंड्यावर खरोखरच एके-४७ आहे, संगिनीसकट. शेजारी कुदळ, मागे उघडं पुस्तक. पण 'हल्ला रायफल'? हे मराठी कुणाच्या घरी बोलतात? सगळ्यात शेवटी विचारतो, 'ही माहिती उपयुक्त वाटली का?' मी 'नाही' दाबलं. त्याने माझा ईमेल मागितला.

राजधानी मापुतो, हे मला येत होतं. तरी एक महाभाग 'मोझांबिक बेट' म्हणून अडून बसलेला. त्या तीन किलोमीटर लांब बेटावरून राजधानी हलली १८९८ साली, बाबा! त्यात माझा आवाज ऐकून शेजारचे आजोबा गॅलरीतून म्हणाले, "लोरेंसु मार्केश लिही." मापुतोचंच १९७६ पर्यंतचं नाव. निदान त्यांचं शहर तरी बरोबर होतं.

आणि दूरचा देश राहू द्या, आमचं तरी धड लिहितात का? मागे एका पानावर गोवा १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालेला वाचला. मग १९ डिसेंबर १९६१ ला आम्ही काय मिरामारला भेळ खात होतो? वाचणारेही तसलेच. परवा एकाने मला विचारलं, गोव्याला व्हिसा लागतो का. म्हटलं लागतो, पत्रादेवीच्या नाक्यावर शिक्का मारून घ्या.

असो. शेवटी मोझांबिकच्या जनगणनेचा आकडा सापडला, पावणेतीन कोटींच्या वर. पण २०१७ चा. मी पुन्हा भडकलो, "एवढा जुना आकडा घेऊन काय लोणचं घालू?" लेक पेन्सिल चावत म्हणाली, "पप्पा, गोव्याची किती?" मी घडाघडा म्हणून दाखवलं, चौदा लाख अठ्ठावन्न हजार पाचशे पंचेचाळीस. "कधीची?"

२०११ ची.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालवायचे, हे सांगून मी थोडी अब्रू राखायला बघितली, पण तोवर कुणी ऐकत नव्हतं. तिने लोकसंख्या पेन्सिलने लिहिली, 'खोडता येते' म्हणून. झेंडा मात्र स्केचपेनने, बंदुकीसकट, आणि झोपली.

मी रात्री सव्वाला जागाच. त्यांच्या चलनाचा, मेटिकलचा, भाव बघत होतो. २००६ साली त्यांनी चलनावरचे तीन शून्य उडवले, पण एका साइटला अजून पत्ता नाही. त्यांना मेल लिहायला घेतलाय.