कढीपत्त्याचे पाच रुपये

गुरुवारी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर माझ्याकडून कढीपत्त्याचे पाच रुपये घेतले गेले. आज रविवार आहे आणि मी अजून त्यातून सावरलेलो नाही.

पाच रुपये म्हणजे काही रक्कम नव्हे, हे मला कळतं. बायकोनेही हेच सांगितलं, दोनदा, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. पण कढीपत्ता ही मुळात विकत घ्यायची वस्तूच नाही. भाजीचा हिशोब झाला, पैसे दिले, पिशवीचे बंद हातात आले की निघता निघता म्हणायचं, "मावशी, जरा कढीपत्ता टाका वर." मावशींनी न बघता ढिगातून दोन काड्या उपसायच्या आणि पिशवीत कोंबायच्या. इतकंच. त्या दोन काड्यांपुरते का होईना, आपण एकमेकांचे कोणीतरी लागतो, अशी माझी आपली समजूत होती. गुरुवारी मावशींनी काड्या कोंबल्या आणि म्हणाल्या, "पाच द्या अजून."

"कशाचे?"

"कढीपत्त्याचे."

तेवढ्यात गाडी आली होती. निम्मी डोंबिवली माझ्या पाठीशी उभी राहून "चला ना, आटपा" म्हणत होती. दोनशे रुपये मी आधीच फोनवरून दिले होते. खिशात सुटे नव्हते. तेव्हा पुन्हा फोन काढला, पुन्हा तो चौकोन टिपला, पाच आकडा दाबला, आणि टोपलीत आल्याच्या मागे ठेवलेल्या डब्यातल्या बाईने भर चौकात जाहीर केलं, की पाच रुपये प्राप्त झाले आहेत. दोनशेच्या वेळी ती इतकी खणखणीत बोलली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो.

"महागाई किती झालीय," मी म्हणालो. कुणाला उद्देशून नाही. लाज झाकायला माणूस काहीतरी बोलतो, तसं.

"कुठे आहे महागाई?"

आवाज उजवीकडून आला. वय पंच्याहत्तरच्या आसपास, डोंबिवलीच्या नोव्हेंबरात माकडटोपी, काखेत सुरळी केलेलं वर्तमानपत्र. हातात जुन्या पँटची शिवलेली पिशवी. पँट बहुधा खाकी असावी. शिवणाऱ्याने मागचा खिसा तसाच ठेवला होता, बटणासकट, आणि त्या खिशातून एक डायरी डोकावत होती. मला तेव्हाच निघून जायला हवं होतं.

"पाव टक्का," काका म्हणाले.

मला वाटलं ते पावकिलो काहीतरी मागताहेत. मी बाजूला सरकलो. तेही माझ्याबरोबर सरकले.

"ऑक्टोबरची महागाई पाव टक्का. शून्य पूर्णांक पंचवीस. आकड्यांची ही मालिका सुरू झाल्यापासूनचा नीचांक. कालच आकडा आला, आज छापलाय." त्यांनी सुरळी उलगडून माझ्या नाकासमोर धरली. खरंच छापलं होतं. "भाज्या तर उणे सत्तावीस टक्के. उणे! आणि तुम्ही इथे उभं राहून महागाई म्हणताय."

"काका, आत्ता माझ्यासमोर मावशींनी..."

"गेल्या वर्षी ऑक्टोबरात भाज्या बेचाळीस टक्क्यांनी चढल्या होत्या. त्या उंचीवरून मोजलं की उतार दिसणारच. हे पायाचं गणित असतं. लोकांना कळत नाही."

मला कळलं, पण आवडलं नाही. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर ढकललेल्या माणसाला "बघा, जमिनीच्या किती जवळ आलात" म्हणावं, त्यातला हा प्रकार. मी तसं म्हणालोही. काका म्हणाले, "उदाहरण चुकीचं आहे, पण राहू दे. काय काय घेतलंत?"

आणि त्यांनी माझी पिशवी उघडली. माझी. परवानगी न घेता. कांदे चाचपले, लसणीचा गड्डा नाकाशी नेला, मग आपल्या पिशवीच्या मागच्या खिशाचं बटण काढून डायरी बाहेर घेतली. १९८७ पासून ते भाजीचे भाव लिहून ठेवतात. रोज. ही अडतिसावी की एकोणचाळिसावी डायरी, यावर ते स्वतःशीच थोडा वेळ वाद घालत होते. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि प्रत्येक ओळीशेवटी लाल शाईत खुणा. आयुष्य केंद्र सरकारच्या कुठल्याशा आकडेमोडीच्या खात्यात गेलं, असं म्हणाले.

"लसूण. गेल्या वर्षी याच आठवड्यात चारशे रुपये किलो. आज तुम्हाला कशी पडली?"

"पावकिलो चाळीस."

"म्हणजे साठ वाचले. कांदा तेव्हा साठ, आज पंचवीस. दोन किलो? सत्तर वाचले. बटाटा पंचेचाळीसचा तीस. पंधरा. कोथिंबीर वीस होती, वीस आहे, जैसे थे. एकूण एकशे पंचेचाळीस. अभिनंदन. आज तुम्ही एकशे पंचेचाळीस रुपये कमावलेत."

मागचे दोघंतिघं माझ्याकडे वळून बघायला लागले. मी उगाचच खिसा चाचपला.

"मग ते कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? वाचले."

"हो, पण आहेत कुठे?"

काकांनी चष्मा वर केला आणि या देशाचं आता काही होणार नाही अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गेल्या वर्षी हेच सामान दोनशेपंच्याऐंशीला घेतलं असतंत."

"नारळ तेव्हा पस्तीसचा होता, आज साठचा."

"नारळ धरायचा नाही."

"का?"

"नारळ रोज लागतो का?"

आता मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या घरी नारळ रोज लागतो का, हा प्रश्न म्हणजे पाणी रोज लागतं का, यातला. यंदा नारळाने आमचं कंबरडं मोडलं आहे. गणपतीत उकडीच्या मोदकांची संख्या एकवीसवर आणावी लागली आणि त्यातले आत सारण किती, कळी किती, हे गणपती आणि माझी बायको या दोघांनाच ठाऊक. खोबरेल तेलाची बाटली तर आई आता कपाटात ठेवते, दागिन्यांशेजारी. पण काकांच्या डायरीत नारळाची ओळ निळ्या शाईतच राहिली.

इथे मला मध्येच एक सांगायचं आहे. ह्या पाच रुपयांचं दुःख एकटं नाही. वर मिळणाऱ्या वस्तू एकेक करून निघून चालल्या आहेत, आणि कुणी सूचनाही लावत नाही. सायकलमध्ये हवा भरायला पूर्वी पंपवाला "राहू द्या" म्हणायचा. पाणीपुरीनंतरची सुकी पुरी अजून मिळते, पण ती देताना भैया असा बघतो, की आपण ती घाईघाईने गिळून टाकतो. हॉटेलात बसल्या बसल्या पोऱ्या विचारतो, "बाटली की साधं?" आणि "साधं" म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच आहे, फक्त आत हवा जास्त आणि बिस्किटं कमी. यातलं काहीच दरवाढ म्हणून कुठे लिहिलं जात नाही. वाण्याकडचं दिवाळीचं कॅलेंडर यंदा आलंच नाही, म्हणून परवा विचारलं तर तो म्हणाला, "मोबाइलमध्ये असतं ना, साहेब." जणू ते त्यानेच मोबाइलमध्ये घालून दिलं आहे.

तर काका. तोवर ते टोपलीत काय काय टाकायचं याच्या हिशोबाकडे वळले होते. मावशींच्या नव्हे, सरकारच्या. महागाईचा निर्देशांक म्हणजे एक टोपली, असं ते मला समजावत होते. २०१२ च्या मालिकेत खाणंपिणं ४५.८६ टक्के, घर १०.०७, आरोग्य ५.८९, शिक्षण ४.४६...

"थांबा. शिक्षण किती?"

"चार पूर्णांक शेहेचाळीस."

साडेचार टक्के! आमच्या घरच्या साडेचार टक्क्यांत वह्यांना कव्हरं घालून होतात, तीही खाकी. चिरंजीव सातवीत आहेत. दर जूनला शाळा एक पत्र पाठवते, त्यात "गुणवत्ता" हा शब्द चार वेळा आणि रक्कम एकदाच असते. आईच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांची दर महिन्याची पट्टी, घरभाड्यात दर अकरा महिन्यांनी होणारी वाढ, रिक्षा. रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारीला तेविसाचं सव्वीस झालं. सव्विसाचे सुटे कोणाकडेच नसतात, म्हणून ते तीस असतं. हे सगळं कुठल्या टोपलीत आहे? आणि पान-तंबाखूला २.३८ टक्के. मी सुपारीचं खांडही खात नाही. माझे ते सव्वादोन टक्के परत करा, मी ते शाळेला देतो.

खरी भीती वेगळीच आहे. पाव टक्का हा आकडा आमच्या ऑफिसातही वाचला जातो. एप्रिलच्या पत्रात "अभिनंदन" असं ठळक अक्षरांत लिहून खाली चार टक्के वाढ दिली होती, तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाहेर परिस्थिती अवघड आहे." आता पुढच्या एप्रिलात ते म्हणतील, "बाहेर महागाई कुठे आहे?" काकांचं वर्तमानपत्र त्यांच्या टेबलावरही येत असणार. हे मी विनोदाने लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता पोटात थोडा गोळा आला.

"कांदा स्वस्त झाला म्हणून हसताय का काका?" मावशी अचानक म्हणाल्या. इतका वेळ त्यांचे हात चालू होते, मेथी सोडवत होत्या, आणि कान इकडे. "माझ्या भावाला विचारा निफाडला. गाडीभाडं पण सुटंना झालंय. वावरातच सोडून देतो म्हनला."

काका गप्प झाले. मला बार्शीकडच्या शेतकऱ्याची ती बातमी आठवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात पाचशेबारा किलो कांदा घातला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक आला. तोही पुढच्या तारखेचा. म्हणजे मी पाच रुपयांवरून चार दिवस कुढतोय त्यात त्याचे अडीच चेक आले असते. हा विचार मी लगेच झटकला. माझं दुःख मला निवांतपणे भोगू द्यावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

"काका," मी विषय बदलला, "तुम्हाला पेन्शन आहे?"

"आहे की."

"त्यावर महागाई सवलत?"

"अठ्ठावन्न टक्के," काकांची छाती माकडटोपीपर्यंत फुगली. "पंचावन्न होती. जुलैपासून तीन वाढली."

"महागाई पाव टक्का आणि महागाईची सवलत अठ्ठावन्न?"

"तो निर्देशांक निराळा," काका जराही न डगमगता म्हणाले. "औद्योगिक कामगारांचा. त्याचं पायाभूत वर्ष २०१६. याचं २०१२. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात."

मागून एक बाई म्हणाल्या, "मला त्या सोळाच्यातली पालक द्या, मावशी." मावशी पहिल्यांदाच हसल्या. काकांना विनोद कळला नाही. किंवा कळला असेल, पण त्यांनी तो धरला नाही.

"बरं, तुमची तक्रार नेमकी काय होती?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कढीपत्ता. पाच रुपये."

काकांनी डायरीची पानं मागे उलटली. आणखी मागे. मग शेवटची यादी बोटाने खालपर्यंत पाहिली. "कढीपत्ता नाहीये माझ्याकडे."

"नसणारच. फुकट होता ना."

"म्हणजे पूर्वीचा भाव शून्य. आजचा पाच." त्यांनी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. कपाळावर आठी आली. इतका वेळ त्या माणसाला कुठेच अडलं नव्हतं, पण इथे अडलं. "टक्केवारी निघत नाही. शून्याने भागता येत नाही."

"मग?"

"मग काय. ज्याची टक्केवारी निघत नाही, ते धरता येत नाही." त्यांनी टोपण लावलं, डायरी खिशात सरकवली आणि बटण लावलं. मग मावशींना म्हणाले, "एक मेथी दे गं."

मावशींनी मेथी दिली. काकांनी वीस रुपये दिले, रोख, दोन कोऱ्या दहाच्या नोटा. पँटच्या पिशवीत मेथी गेली. आणि निघता निघता, अगदी सवयीने, मान न वळवता ते म्हणाले, "जरा कढीपत्ता टाक वर."

मावशींनी टाकला. तीन काड्या. मी मोजल्या.

"मावशी!"

"ते रोजचे आहेत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही महिन्यातून दोनदा येता, तेबी वहिनी भांडल्यावर."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि मागची डोंबिवली आता खरोखरच खवळली होती.

घरी आलो. बायकोने काड्या धुतल्या आणि एका काडीला किडलेली पानं आहेत म्हणून ती काडीच टाकून दिली. मी म्हणालो, "अडीच रुपये गेले." तिने वरण फोडणीला टाकलं. जेवताना मी नेहमीच्या सवयीने पानं ताटाच्या कडेला सरकवली. एक, दोन, तीन, चार. त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि एकेक उचलून चावून खाल्ली. कडवट लागतात, तंतू दातात राहतात. मग चिरंजिवांच्या ताटातली दोन उचलली.

"बाबा, ती टाकायची असतात," तो म्हणाला.

"गप्प जेव," मी म्हणालो आणि आईच्या ताटाकडे पाहिलं. आईने आपलं ताट थोडं पलीकडे ओढून घेतलं.