फक्त पत्ता बदलायचाय

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं सर म्हणाले, तेव्हाच घरी फोन करून 'जेवायला थांबू नका' असं सांगायला हवं होतं.

काम काय, तर प्रयोगशाळेतल्या अकरा नियंत्रण संगणकांना नवे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे घर-क्रमांक, द्यायचे. त्यातला निर्वात पंपाचा संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली एक्सपीवरून हात काढून घेतला, पण आमच्या घरात तोच अजून कर्ता पुरुष, कारण त्याच्या पोटातलं कार्ड नव्या संगणकात बसतच नाही. मॉनिटरवर पिवळी पडलेली चिकटपट्टी: 'हात लावू नये'. मी लावला.

पत्ता बदलला, मशीन रीस्टार्ट केलं, आणि दाबाचा आकडा दिसायचा तिथे नुसती पांढरी चौकट.

आमच्याकडे एपिक्स आहे, म्हणजे यंत्रं नेटवर्कवरून चालवायची नि त्यांचे आकडे पडद्यावर आणायची प्रणाली. पडद्याला दाब हवा असला की तो यूडीपीच्या ५०६४ पोर्टवर अख्ख्या सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या गल्लीला, हाक मारतो, "अमक्या गेजचा दाब कुणाकडे आहे?" ज्याच्याकडे असेल तो ओ देतो. पण अशी सार्वजनिक हाक राउटर सहसा पुढे जाऊ देत नाही, आणि मी पंप एका सबनेटमध्ये नि पडदा दुसऱ्यात बसवला होता. एकाचा ओरडून घसा बसतोय, दुसरा भिंतीपलीकडे कान टवकारून बसलाय. शेवटी पडद्याच्या कानात पंपाचा पत्ता थेट सांगितला, तेव्हा कुठे चौकटीत आकडा उमटला.

लेझरच्या संगणकाला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळेना, तर पठ्ठ्याने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतला. रुसून माळ्यावर जाऊन बसावं तसा.

नव्या पत्त्यांपैकी ३७ शेपटीचा पत्ता मात्र आधीच कुणीतरी बळकावलेला. पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं, की लगेच उत्तर, पण यंत्र कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. केबलचा माग काढत मी कपाटामागे रांगत गेलो. धुळीत एक राखाडी डबा, त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. नाव नाही, चिठ्ठी नाही. म्हटलं, काढून तर बघू.

पलीकडच्या खोलीतल्या टर्बो पंपाची शीळ हळूहळू खाली उतरू लागली. मग दार उघडल्याचा आवाज आला, आणि सरांचा.

मी कपाटामागेच थांबलो.