जपानी चकणा आणि नव्वद मिनिटं

टेबल बुक केलं त्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला. 'आपलं टेबल संध्याकाळी ७.३० ते ९.०० या वेळेसाठी राखीव आहे. कृपया वेळ पाळावी.' सिनेमाचं तिकीट काढल्यासारखं वाटलं. पण बाणेरला नवं इझाकाया उघडलंय, खरा कोळसा वापरतात, असं ऑफिसातले निम्मे लोक सांगत होते. आणि मी पडले जपानीची दुभाषी. न जाऊन सांगते कुणाला!

आधी या शब्दाबद्दल. 'साकाया' म्हणजे दारूचं दुकान. त्याच्या आधी लागलेल्या 'इ'चा अर्थ असणं, राहणं, बूड टेकणं. एदोच्या काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक दुकानातून साके घरी न्यायच्या ऐवजी तिथंच बसून प्यायला लागले, सोबत तोंडात टाकायला काहीबाही मिळायला लागलं, आणि त्यातून इझाकाया झालं. मराठी माणसाला हे समजावताना मला कधीच अडचण येत नाही. 'आज बसायचं का?' असं विचारल्यावर आपल्याकडे कुणी 'कुठल्या खुर्चीवर?' असं विचारत नाही. आणि मेनूकार्डावर ज्याला 'स्मॉल प्लेट्स' म्हणतात, तो चकणा. उत्तम, निगुतीनं केलेला, पण चकणाच.

मी पहिलं इझाकाया पाहिलं ते नागोयात, कंपनीच्या ट्रेनिंगला दुभाषी म्हणून गेले होते तेव्हा. स्टेशनच्या मागच्या गल्लीत लाल कागदी कंदील, आत काउंटरला जेमतेम आठ जणांची जागा. बसलं की हातात गरम ओला रुमाल यायचा आणि न मागता एक वाटी, कधी उकडलेला मुळा, कधी बटाट्याचं सॅलड. तिला ओतोशी म्हणतात. तिचे तीनचारशे येन बिलात लागायचे, म्हणजे ती बसण्याची पट्टीच म्हणा. आपल्या परमिट रूममध्ये शेंगदाणे तरी फुकट मिळतात! दिवसभर मीटिंगमध्ये 'विचार करू' म्हणणारे साहेब (दुभाष्याला माहीत असतं, याचा अर्थ 'नाही') तिथं दुसऱ्या ग्लासाला सांगायचे की तो पार्ट मुळात डिझाइनमध्येच चुकलाय. माझं निम्मं काम त्या काउंटरवर झालं. जपानमध्येही गर्दीच्या ठिकाणी दोन तासांची मर्यादा घालतात, हे मान्य. पण या गल्लीत तसलं काही नव्हतं. मास्टर, म्हणजे तिथला मालक, पंख्यानं कोळसा फुलवत असायचा आणि शेवटची लोकल चुकणार नाही ना, एवढीच काळजी करायचा.

तर बाणेर. बरोबर नवरा होता, आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी औशाहून आलेले सासू-सासरे. आईंच्या गळ्यात माळ. अण्णा 'बाहेर' खातात. आता म्हणाल, माळकरी बाईला इझाकायात कशाला नेलंस? तर त्यांनाच पाहायचं होतं, सून एवढी वर्षं ज्या भाषेचं खाते तिथले लोक काय खातात.

पहिल्यांदा आल्या एदामामे. हिरव्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, वर जाडं मीठ. अण्णांनी एक शेंग उचलली, चष्म्याजवळ नेली, शिवण नखानं उसवली, दाणा अंगठ्यावर घेतला.

"हे तर सोयाबीन हाय की! हिरवंच तोडलंय व्हय?"

हो अण्णा. हिरवंच. जपानमध्ये त्यासाठी वेगळे वाण लावतात, टपोऱ्या गोड दाण्याचे, आणि पानं पिवळी पडायच्या आत काढतात. हे मी सांगत होते, पण अण्णांचं लक्ष मेनूकार्डाकडे होतं. साडेचारशे रुपये. मग ते गप्प झाले, ओठ हलायला लागले. लातूरकडच्या शेतकऱ्याला सोयाबीनचा हिशेब कागदावर करावा लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला त्रेपन्न. "साडेआठ किलो झालं की गं हे," ते म्हणाले. बाजारात त्यांना गेल्या हंगामात हमीभावही मिळाला नव्हता, तेव्हा खरं तर दहा किलोच धरा. तीन एकर सोयाबीन पेरणाऱ्या माणसानं वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते पहिल्यांदा शेंगेतून सोलून खाल्लं. एरवी त्याचं तेल होतं, पेंड होते, आणि ते दोन्ही दुसरीकडेच जातं. शेंगा आवडल्या मात्र. "भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांची सर न्हाई," असं म्हणत वाटी त्यांनीच संपवली.

लगेच दुसरी गंमत. इझाकायात जे होईल तसं येतं. कोशिंबीर आधी, भात शेवटी, मधे तळणीचं, भाजणीचं, स्वयंपाकघराच्या सोयीनं. आमच्या आईंना ताट पूर्ण वाढून झाल्याशिवाय घास उचलायची सवय नाही. भाजी आलीय, काकडी आलीय, त्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या. "बाळा, बाकीचं येऊ दे की," असं त्या वाढणाऱ्या पोराला दोनदा म्हणाल्या. पोरगं गोंधळून माझ्याकडे बघायला लागलं. नागोयात कॉन्फरन्स रूममध्ये केलं नसेल एवढं अवघड भाषांतर मी त्या टेबलावर केलं.

आता तक्रार. मेनूत 'आगेदाशी तोफू'समोर हिरवा ठिपका होता. टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, चौकोन बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळायचे आणि दाशीच्या (जपानी रश्शांचं मूळ पाणी) पातळ रश्श्यात सोडायचे, असा तो पदार्थ. वाटी आली. वर तपकिरी, कागदासारखे पातळ पापुद्रे, वाफेनं हळूहळू हलणारे. आई वाकून बघत म्हणाल्या, "हे हलतंय कशानं?" मला कळलंच. ते कात्सुओबुशी, म्हणजे बोनिटो मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईस्तोवर वाळवतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर त्याच्या साली काढतात. पोराला विचारलं, तर म्हणाला, गार्निश आहे मॅम, काढून देतो. म्हटलं, आणि रस्सा? तो आत जाऊन आला. "मॅम, फक्त फ्लेवरपुरतं फिश आहे."

फ्लेवरपुरतं! आमच्या कोकणातल्या मावशीनं आमटीत सुका जवळा घालून 'फक्त वासापुरता' म्हटलं, तर ती आमटी शाकाहारी होते का? बरं, पर्याय नाही असंही नाही. जपानच्या बौद्ध मठांत कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिताके मशरूम यांची दाशी करतात, मासा नावालाही नसतो. त्याच कोंबूच्या रश्श्यात १९०८ साली इकेदा या रसायनशास्त्रज्ञाला ग्लुटामेट सापडलं, त्या चवीला त्यानं उमामी नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याची पांढरी पूड अजिनोमोटो म्हणून बाजारात आली. आपल्या चायनीजच्या गाडीवर असते तीच. म्हणजे मासा न घालता ती चव आणता येते, याला शंभराहून जास्त वर्षं झाली. बाणेरच्या स्वयंपाकघरानं फक्त ठिपका छापायच्या आधी एकदा विचार करायचा होता. आईंनी वाटी शांतपणे लांब सरकवली आणि काकडी-भात खाल्ला. तेंपुराही, म्हणजे जपानी भजीही, मीच खाऊ दिली नाही, त्या पिठात बहुतेक वेळा अंडं असतं.

याकितोरी, म्हणजे काडीला ओवून कोळशावर भाजलेली कोंबडी, मात्र, खोटं कशाला बोलू, फार सुरेख होती. कांद्याच्या पातीबरोबर ओवलेली नेगिमा, आणि कावा, म्हणजे नुसती कोंबडीची कातडी, आकड्यासारखी दुमडून सळईत ओवलेली. बिनचोतान या जपानी कोळशाला ज्वाळ आणि धूर जवळपास नसतो, निखारा मात्र भयंकर तापतो, म्हणून कातडीतली चरबी गळून ती पापडासारखी होते. अण्णांनी तीन काड्या संपवल्या. पहिला घास खाल्ल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली.

आणि तेवढ्यात बिल. मागितलं नव्हतं. घड्याळात आठ बावन्न. नवऱ्याचा बिअरचा ग्लास अर्धा, अण्णांचं ओतूरची काकडी चांगली की औशाची याच्यावरचं बोलणं अर्धं, आणि पोरगं चामड्याच्या फोल्डरसह उभं. दरवाजात पुढची बुकिंगवाली मंडळी आमच्या ताटांकडे बघत होती.

भाव जास्त आहे, ही माझी तक्रार नाही. बाणेरच्या भाड्यात कोळसा पेटवायचा तर तो असणारच. पण जपानहून कोळसा आणलात, मातीच्या वाट्या आणल्या, दारावर निळा पडदा लावलात, आणि ज्या अक्षरावर सगळं नाव उभं आहे ते 'इ'च तेवढं आणायचं राहिलं? नव्वद मिनिटांत तर आमच्याकडे लग्नाची एक पंगतही उठत नाही.

बाहेर पडलो तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं. चौकातल्या अमृततुल्यपाशी थांबलो. आईंनी साखर जास्त सांगितली, अण्णांनी अर्धा कप. बाकडं रिकामं होतं, चौघंही टेकलो. नव्या चष्म्याचा सराव म्हणून अण्णा हल्ली दिसेल ते मोठ्यानं वाचतात. डोक्यावरची पाटी त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावत वाचली.

"चहा झाल्यावर... येथे... बसू नये."

मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि मांडी घातली.