आजोबांची विळी आणि शेफिल्डचा चाकू : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

(तुम्हीच चौऱ्याहत्तरीत असल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बराच उतरला. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडातल्या शेफिल्ड या चाकूंसाठी नावाजलेल्या शहरातल्या जुन्या घडीच्या चाकूंवर मी लिहिलं, ते काकांना 'साहेबाच्या उष्ट्याचं कौतुक' वाटलं. साताऱ्याकडे त्यांच्या लोहार आजोबांनी घडवलेली विळी साठ वर्षं घरात राबली, तिच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. चाकू म्हणजे शेवटी हत्यारच. फोटोतल्या हस्तिदंती मुठीबद्दल मी मूग गिळून बसलो. आणि शेवटी एक टोला : "या चाकूंनी तुम्ही कापता तरी काय?"

हत्याराचं आधी उरकतो. मी राहतो त्या इंग्लंडात तीन इंचांहून कमी पात्याचा, उघडल्यावर लॉक न होणारा घडीचा चाकू बाळगायला कारण सांगावं लागत नाही. माझ्याकडचे बहुतेक त्याहून लहानच आहेत. यातला पेननाइफ तर पिसाची लेखणी तासायला जन्मला. आपल्या कारकुनांच्या कलमदानात बोरू तासायला कलमतराश असायचा, त्याचाच हा चुलतभाऊ. त्याने मारामारी करायची तर आधी समोरच्याला थांबायला सांगावं लागेल, कारण नख अडकवून पातं उघडेपर्यंत तो घरी पोचलेला असेल.

आता उष्ट्याचं. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय, कारण या गोष्टीची एक बाजू मुंबईतून सुरू होते. १७९४ च्या सुमारास हेलेनस स्कॉट नावाच्या मुंबईतल्या डॉक्टरने हिंदुस्थानी 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. बँक्सनी त्यातला एक तुकडा जेम्स स्टोडार्ट या चाकू-वस्तरे करणाऱ्या कारागिराला दिला आणि सांगितलं, याचा पेननाइफ करून दाखव. स्टोडार्टला ते पोलाद ठोकताना घाम फुटला. जरा जास्त तापलं की ते हातोड्याखाली फुटायचं, म्हणून अंधारात जेमतेम लाली दिसेल एवढंच तापवून त्याने ते घडवलं. पण धार अशी आली की इंग्लंडात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही पोलादापेक्षा बऱ्याच कामांना हे सरस, असं त्याचं मत झालं. जॉर्ज पिअर्सन या रसायनशास्त्रज्ञाने १७९५ साली हे सगळं छापलं. पुढे स्टोडार्टने आपल्या दुकानाच्या जाहिरातीतच हिंदुस्थानी पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपल्याला पसंत असल्याचं लिहिलं. तरुण मायकेल फॅरेडेला जोडीला घेऊन १८२० च्या आसपास त्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग केले, त्यांची सुरुवातही या वूट्झपासूनच झाली.

शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात पोलाद मुशीत वितळवायची युक्ती काढली आणि ते शहर वर आलं. मुशीतलं पोलाद आपल्या दक्षिणेकडे त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं. तेव्हा उष्टं कोणी कोणाचं खाल्लं, हा हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही. पुढे त्याच शेफिल्डचा माल आपल्या बाजारात ओतला गेला आणि तुमच्या आजोबांसारख्यांच्या पोटावर पाय आला, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. ते माझ्या लेखात यायला हवं होतं.

पण मी नेमकं कशावर भाळतो, ते सांगतो. आत्ता टेबलावर एक दोन पात्यांचा पेननाइफ आहे, मिटवला की माझ्या करंगळीएवढा. पात्याच्या बुडाशी जोसेफ रॉजर्स या शेफिल्डच्या कारखान्याची खूण, एक चांदणी आणि एक माल्टीज क्रॉस. ही खूण १६८२ साली नोंदली गेली. शेजारी मुकुट आणि व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. हे सगळं तुमच्या दृष्टीने साहेबी थाटच, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मी बघतो ती पाठ. पाठीवर पोलादी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ पट्ट्या. चाकू मिटवून पाठीवरून नख फिरवा, कमान आणि पितळ यांच्या सांध्याला ते अडत नाही. पातं पूर्ण उघडा आणि पुन्हा फिरवा, तरीही नाही. मिटल्यावर आणि उघडल्यावर कमान एकाच पातळीला यावी म्हणून कुणीतरी पात्याचं बूड आणि कमान कानशीने घाशीत, लावून बघत, पुन्हा काढून घाशीत बसलेला असतो. उघडताना 'कट्' असा एकच कोरडा आवाज येतो. दीडशे वर्षांच्या आसपासचा चाकू, आणि पातं अजून डुगडुगत नाही.

हे काम रॉजर्सने केलेलं नाही. पातं ठोकणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा, जोडून मूठ बसवणारा वेगळा. त्यांतले कित्येक भाड्याच्या खोलीत, भाड्याच्या सहाणेवर काम करणारे. शेफिल्डच्या बोलीत त्यांना 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद, म्हणतात. नाव एकाचंही कोरलेलं नाही. त्यातले घासणारे तर दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत भरून मरायचे. कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणाऱ्यांचे हाल सगळ्यांत वाईट, बरेच जण तिशीच्या आसपासच जायचे. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले तेव्हा काही कारागिरांनीच विरोध केला : माणसं जास्त जगली तर हात वाढतील आणि मजुरी पडेल! हे वाचल्यापासून सहाणेवर फिरलेलं जुनं पातं माझ्याकडून पूर्वीसारखं सहज हातात घेतलं जात नाही.

या परंपरेतला स्टॅन शॉ १९४१ साली पोरवयात कामाला लागला आणि २०२१ साली वारला. तो पात्यापासून मुठीपर्यंत सगळं एकट्याने करायचा. याउलट १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्सने केलेला पंचाहत्तर पात्यांचा नॉरफोक चाकू मला अजिबात आवडत नाही. ती करामत आहे, पण चाकू कसला? तो खिशातच काय, पिशवीतही मावणार नाही.

हस्तिदंताचं तुमचं बरोबर आहे आणि तिथे मी चुकलो. तो चाकू एका जुन्या डब्यातल्या ढिगाबरोबर आला होता, पण 'आयता आला' ही सबब कामाची नाही. ती मूठ हत्ती मारून आलेली आहे, आणि शेफिल्डच्या मोठ्या कारखान्यांची तळघरं सुळ्यांनी भरलेली असत. २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ साली लागू झाल्यापासून इथे अशा वस्तूंची विक्री जवळजवळ बंद आहे. मला ते योग्यच वाटतं. 'जुनं आहे, आता काय फरक पडतो' म्हणणाऱ्या संग्राहकांशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्यात मला धरू नका. लेखातून तो फोटो काढलाय आणि का काढला ते तिथेच लिहिलंय. सांबरशिंगाच्या मुठींबद्दलही लिहायचंय, कारण ती शिंगं आपल्याकडूनच जायची.

आता, कापतो काय? एक चांदीच्या पात्याचा, शिंपल्याच्या मुठीचा फळांचा चाकू आहे. त्यावर मुकुट, सिंह आणि राणीचं डोकं असे ठसे आहेत. राणीचं डोकं म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, आणि तो कर १८९० साली उठला, म्हणजे चाकू त्याच्या आधीचा. रविवारी त्याने पेअर कापतो. पातं चांदीचं का, ते तुमच्या घरात कुणालाही कळेल. कैरी चिरली की विळी काळी पडते आणि फोडींना लोखंडाचा वास लागतो, तसंच तेव्हाच्या पोलादाचंही व्हायचं. बाकीच्यांनी पेन्सिली तासतो, पार्सलांची दोरी कापतो.

आणि विळी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते बघताना लोक तासभर हलत नाहीत, मग विळीने काय घोडं मारलंय? तुम्ही फोटो पाठवा, मी लिहितो. मात्र नुसता समोरून नको. पातं पाटावर आडवं पडणारं आहे की कायमचं उभं? पडणारं असेल तर ते अर्ध्यात धरून, खिळ्याच्या बाजूने एक फोटो काढा. साठ वर्षं रोज उघडमीट होऊनही तिथे ढिलेपणा येऊ नये म्हणून आजोबांनी खाली काय घातलं होतं, चकती की आणखी काही, ते मला बघायचंय.